नातवंडांचे अश्रू आणि पुनरुत्थानाची आशा

ख्रिस्ती घरात आजी गेली की जमलेली मोठी माणसं नातवंडांना जवळ घेतात आणि बहुधा एकच सांगतात: रडू नकोस, आजी प्रभूकडे गेली. सांगणाऱ्याच्या मनात प्रेम असतं, विश्वासही खरा असतो. तरीही ख्रिस्ती श्रद्धेने दिलेल्या सांत्वनाचा हा अर्धाच भाग आहे, असं मला मनापासून वाटतं. उरलेला अर्धा कसा मागे पडला आणि पुन्हा कसा पुढे आला, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

संत पौलाने ग्रीसमधल्या थेस्सलनीका इथल्या ख्रिस्ती मंडळीला पहिलं पत्र लिहिलं ते इ.स. 50 च्या सुमारास. बायबलच्या नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लेखनांपैकी ते एक. प्रभू लवकरच परत येणार, अशी तिथल्या लोकांची खात्री होती. तो येण्याआधीच आपली माणसं मरू लागली, तेव्हा मंडळी हवालदिल झाली. ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा खेद तुम्ही करू नये, असं पौलाने त्यांना लिहिलं. खेदच करू नका, असं त्यात कुठेही नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तर येशू स्वतः आपला मित्र लाजर याच्या कबरीकडे जाताना रडतो, आणि तेही आपण त्याला थोड्याच वेळात मेलेल्यांतून उठवणार हे ठाऊक असताना. आशा आणि अश्रू इथे एकाच जागी आहेत.

नव्या करारात आजीचा उल्लेख एकदाच येतो. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच्या विश्वासाचं मूळ सांगितलं आहे: तो आधी आजी लोईस हिच्यात होता, मग आई युनीके हिच्यात. तिच्याबद्दल आणखी काही कळत नाही. पण आजीच्या मांडीवर प्रार्थना शिकलेल्या कुणालाही एवढं पुरतं. अशी आजी गेली की घरातलं माणूस जातंच, पण प्रार्थना शिकवणारा पहिला आवाजही जातो.

या दुःखाची एक फार जुनी नोंद सापडते ती इ.स. 387 मधली. रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका नावाची 56 वर्षांची स्त्री आजारी पडली आणि नवव्या दिवशी वारली. ती आजच्या अल्जीरियातल्या थागास्तेची. तिचा मुलगा ऑगस्टीन, जो पुढे संत आणि मोठा ख्रिस्ती विचारवंत म्हणून ओळखला गेला, आणि किशोरवयीन नातू अदेओदातस यांनी त्याच वर्षी ईस्टरच्या वेळी मिलान शहरात तिथले बिशप संत अँब्रोझ यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला होता, आणि सगळे आफ्रिकेला परतण्यासाठी निघाले होते. ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनाच्या नवव्या भागात हा प्रसंग लिहून ठेवला आहे. आजीने शेवटचा श्वास घेताच अदेओदातसने हंबरडा फोडला. आणि सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केलं.

कारण सरळ होतं. जी विश्वासात गेली तिच्यासाठी आक्रोश करणं त्यांना शोभणारं वाटलं नाही. मग सोबतचा मित्र एव्होदियस याने स्तोत्रसंहिता उघडून 101वं स्तोत्र सुरू केलं, ‘मी दया व न्याय यांचं गीत गाईन’, आणि घर त्याला साथ देऊ लागलं. ऑगस्टीन दफनालाही कोरड्या डोळ्यांनी उभा राहिला. पुढे झोपून उठल्यावर, एकटा असताना, अँब्रोझचं एक गीत आठवलं आणि त्याचा बांध फुटला. आईसाठी थोडा वेळ रडलो याबद्दल कुणी मला हसू नये, असं तो कळकळीने लिहितो. त्याने स्वतःला दिलेली ही मोकळीक मुलाला मात्र त्या क्षणी मिळाली नव्हती. तो मुलगा पुढे दोन-तीन वर्षांतच वारला. त्याच्या मनात आजीचं काय राहिलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मोनिकाने स्वतः एवढंच मागितलं होतं: देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. मृतांसाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरची भाकर आणि द्राक्षारसाची उपासना, अर्पण करण्याची प्रथा तेव्हाही रुळलेली होती. इ.स. 1000 च्या आसपास फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी 2 नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांच्या स्मरणाचा दिवस ठरवला आणि तो हळूहळू सगळ्या पश्चिमी ख्रिस्तसभेत पसरला. पुढे मध्ययुगात अंत्यविधीवर न्यायाच्या दिवसाच्या भीतीची छाया गडद झाली. काळी वस्त्रं आली, क्रोधाच्या दिवसाचं वर्णन करणारं लॅटिन गीत आलं. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारकांनी मृतांसाठीच्या प्रार्थना बंद केल्या. त्यांच्याकडे सांत्वनाचा भार शास्त्रवचनांवर आणि गीतांवर आला.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, हे दोन्ही प्रवाह मराठी मुलखात पोहोचले. वसईत पोर्तुगीज सत्ता 1739 मध्ये संपली, कॅथलिक श्रद्धा घराघरात टिकली. पण दफनाच्या वेळच्या प्रार्थना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लॅटिनमध्येच होत आणि कबरीपाशी उभ्या असलेल्या नातवंडाला त्यातलं अक्षरही कळत नसे. अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला आले. तिथल्या मंडळ्यांत उपासना पहिल्यापासून मराठीत होती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक यांनी तिला अभंग-भजनाच्या वळणाची गीतं दिली. निरक्षर आजीलाही ती तोंडपाठ होत, आणि तिच्यामागे नातवंडांच्या ओठांवर राहत. सांत्वनाच्या दृष्टीने टिळकांचं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

कॅथलिकांत बदल आला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेमुळे. तिच्या उपासनेबद्दलच्या 1963 च्या दस्तऐवजाने लोकभाषेला दार उघडलं आणि अंत्यविधीतून पुनरुत्थानाचं नातं अधिक स्पष्ट दिसावं असं सांगितलं. 1969 मध्ये अंत्यविधीची नवी पद्धत आली. क्रोधाच्या दिवसाचं गीत त्यातून गेलं, काळा रंग सक्तीचा राहिला नाही. धर्मगुरूंनी लोकांची आशा जागवावी, पण दुःखात असलेल्यांचं मन दुखावेल अशा रीतीने नव्हे, अशी सूचनाही त्यात आहे. ती मला सगळ्या सुधारणांत मोठी वाटते. त्याच वर्षीच्या नव्या दिनदर्शिकेत येशूचे आजीआजोबा मानले जाणारे संत योवाकीम आणि संत अॅना यांचे सण 26 जुलैला एकत्र आले.

त्या सणाजवळचा जुलैचा चौथा रविवार पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून आजीआजोबा आणि वृद्धांचा दिवस म्हणून जाहीर केला. तो पहिल्यांदा पाळला गेला तेव्हा कोविडचा काळ होता. त्याच वर्षी महाराष्ट्रात अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती, आणि कितीतरी नातवंडांना आजीआजोबांचं दफन मोबाइलवर पाहावं लागलं. बंधनं उठल्यावर अनेक कुटुंबांनी त्यांच्या नावाने राहून गेलेलं स्मरणाचं मिस्साबलिदान करून घेतलं. तेव्हा ही मुलं चर्चमध्ये सगळ्यांच्या देखत रडली, आणि त्यांना कुणी थांबवलं नाही.