स्टेकहाउसचे ताट : रेल्वे, बर्फ आणि ९८० अंशांची आच

जाड स्टेक (गोमांसाचा काप), सालीसकट भाजलेला मोठा बटाटा, व्हाइट सॉसमधला पालक, आइसबर्ग लेट्यूसची गार फोड. अमेरिकन स्टेकहाउसचे हे ताट बऱ्याच अंशी रेल्वेने घडवले. घरी ते करताना काय जसेच्या तसे उचलायचे आणि कुठे वेगळी वाट धरायची, हे त्या इतिहासातून कळते.

१८६५मध्ये शिकागोत युनियन स्टॉक यार्ड्स सुरू झाले. १८६७पासून टेक्सासची गुरे कॅन्ससमधल्या ॲबिलीन स्थानकापर्यंत हाकत आणून पुढे गाडीने पाठवली जाऊ लागली. पण जिवंत जनावर न्यूयॉर्कला न्यायचे म्हणजे हाडे-कातड्याचेही भाडे भरायचे. शिवाय वाटेत जनावरे रोडावत, काही मरत. मांसाचे व्यापारी गुस्टाव्हस स्विफ्ट यांनी १८८०च्या सुमारास बर्फाने गार ठेवलेल्या डब्यांतून शिकागोत कापलेले मांस पूर्वेकडे पाठवायला सुरुवात केली आणि हा व्यापार पालटला. न्यूयॉर्कमधली ओल्ड होमस्टेड (१८६८) आणि पीटर लुगर (१८८७) ही स्टेकहाउसे याच काळातली.

१९२७मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने मांसाची प्रत ठरवायला सुरुवात केली. बाराव्या आणि तेराव्या बरगडीमध्ये काप घेऊन स्नायूत चरबीची जाळी किती आहे ते पाहतात. सर्वांत दाट जाळीचे ते प्राइम, त्याखालचे चॉइस. घरासाठी चांगली जाळी असलेले चॉइस रिब-आय (बरगडीजवळचा काप) पुरते, मात्र ते ४ सेंटिमीटर जाड हवे. पातळ काप बाहेरून खरपूस होईपर्यंत आतून कोरडा पडतो. (महाराष्ट्रात २०१५पासून बैलाच्या मांसावरही बंदी असल्याने इथल्या हॉटेलांत बहुधा म्हशीचे अंडरकट (पाठीच्या आतल्या बाजूचे मऊ मांस) मिळते. त्यात ही जाळी नसतेच. म्हणून ते जास्त शिजवले की चिवट आणि कोरडे होते.)

नामांकित स्टेकहाउसे मांस ड्राय एजिंगने मुरवतात: मोठे तुकडे शून्य ते तीन अंशांच्या खोलीत, खेळत्या हवेत, तीन-चार आठवडे किंवा अधिक. मांसातलीच एन्झाइम्स तंतू मऊ करतात, पाणी उडते, चव एकवटते आणि वरचे वाळलेले कवच कापून टाकावे लागते. १९६०च्या दशकात निर्वात पिशव्यांत भरलेले मांस खोक्यांतून येऊ लागले. वजन घटत नाही म्हणून बाजार तिकडेच वळला. दुकानातला स्टेक ओलसर असतो तो यामुळे. घरी एकच काप आठवडेच्या आठवडे सुकवू नये. कवच काढल्यावर हाती काही उरत नाही. ४५० ग्रॅमच्या स्टेकला एक सपाट चमचा (सुमारे ६ ग्रॅम) बारीक मीठ लावून तो रात्रभर फ्रिजमध्ये जाळीवर उघडा ठेवावा. मीठ आत मुरते आणि पृष्ठभाग सुकतो. मीठ लावून वीस मिनिटांत तव्यावर टाकणे सर्वांत वाईट, कारण तेव्हाच सुटलेले पाणी वर साचलेले असते.

आता आच. रूथ फर्टेल यांनी १९६५मध्ये न्यू ऑर्लिन्समधले ख्रिस स्टेक हाउस विकत घेतले. त्यातून वाढलेली साखळी सुमारे ९८० अंशांच्या ब्रॉयलरसाठी, म्हणजे वरून आच देणाऱ्या भट्टीसाठी, ओळखली जाते. वरून पडणारी ती धग काही मिनिटांत कवच आणते. घरचा ओव्हन तिच्या जवळपासही जात नाही, म्हणून घरी ‘आधी कडक आच, मग ओव्हन’ हा क्रम उलटवलेला बरा. जुन्या क्रमामागे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचा १८४७चा सिद्धांत होता: कडक आचेने पृष्ठभाग बंद होऊन रस आत राहतो. पुढे वजने करून तो खोटा ठरला. कवच हवे ते चवीसाठी, आणि त्यामागची रासायनिक क्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२मध्ये वर्णिली. ती साधारण १४० अंशांपुढे जोर धरते. पृष्ठभाग ओला असेल तर तापमान शंभराशी अडकते आणि मांस करडे पडते.

स्टेक जाळीवर ठेवून १२० अंशांच्या ओव्हनमध्ये मध्यभाग ४७ अंश होईपर्यंत ठेवावा, साधारण अर्धा तास. घड्याळावर नव्हे, थर्मामीटरवर भरवसा ठेवावा. मग धूर येईपर्यंत तापलेल्या बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात दर बाजूला एक मिनिट, कडेची चरबी चिमट्याने उभी धरून अर्धा मिनिट. बटर आणि ठेचलेला लसूण शेवटच्या अर्ध्या मिनिटात. आधी टाकले तर जळून कडवट होतात. मध्यभाग ५४ अंशांवर मीडियम रेअर, म्हणजे आतून गुलाबी, होतो. अमेरिकेचा सरकारी सल्ला मात्र ६३ अंश आणि तीन मिनिटे विसावा असा आहे. गर्भवती आणि वृद्धांसाठी तोच पाळावा.

बटाटा १९०९च्या सुमारास ताटात मिरवू लागला. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातले अवाढव्य बटाटे विकले जात नसत, डुकरांना घालत. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या भोजनव्यवस्थेचे प्रमुख हेझन टायटस यांनी ते भाजून बटरसह डायनिंग कारमध्ये वाढले आणि तीच त्या रेल्वेची जाहिरात झाली. घरी ३०० ग्रॅमचा पिठूळ बटाटा टोचून २०० अंशांवर तासभर, फॉइल न गुंडाळता भाजावा. फॉइलमध्ये तो वाफवतो आणि साल लिबलिबीत होते. तो आधी भाजून ओव्हन १२०वर उतरवला की स्टेकसोबत गरम राहतो.

पालक बिघडतो तो पाण्याने. अर्धा किलो पालक अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून, गार करून, घट्ट पिळून चिरावा. २५ ग्रॅम बटर, तेवढाच मैदा आणि २५० मिलिलिटर दूध यांच्या सॉसमध्ये जायफळ किसून तो मिसळावा. आइसबर्गही कॅलिफोर्नियाहून बर्फाच्या डब्यांतूनच पूर्वेला पोहोचला. त्याची फोड धुऊन नीट निथळली नाही, तर ब्लू चीजचे ड्रेसिंग तिच्यावर टिकत नाही.