घरातला ड्रम किट आणि खालचा मजला

इलेक्ट्रॉनिक ड्रम किट शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून निघालं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. मुळात तसं नव्हतं. सत्तरच्या दशकात ज्यांनी हे वाद्य घडवायला घेतलं, त्यांना नवा आवाज हवा होता. शांतता कोणाच्या डोक्यातही नव्हती. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत जो पोलार्ड आणि मार्क बार्टन यांचा सिनड्रम आला. वरून खाली घसरत जाणारा त्याचा ‘प्यूऽऽ’ आवाज डिस्कोच्या जमान्यात सगळ्यांच्या कानांवर पडला. मग १९८१ मध्ये इंग्लंडमधून डेव्ह सिमन्स यांचं एसडीएस-५ किट आलं, षटकोनी पॅडचं. ड्रमऐवजी ज्यावर स्टिक मारायची तो पॅड. त्या दशकातल्या पॉप गाण्यांच्या व्हिडिओंमध्ये दिसणारे षटकोन हेच.

पण त्या पॅडचा पृष्ठभाग होता पॉलीकार्बोनेटचा. दंगलीत पोलीस ज्या ढाली वापरतात, त्या याच जातीच्या प्लॅस्टिकच्या असतात. त्यावर तासभर स्टिक आपटली की मनगटं दुखायची. पुढच्या मॉडेलांवर मग मऊ रबर आलं. आजही किट बघायला गेलं की मी आधी हेच बघतो : स्टिक कशी उसळते, आणि दहा मिनिटं सलग वाजवून मनगटाला काय वाटतं. दुकानदार आधी सांगतो मॉड्यूलमध्ये, म्हणजे आवाज काढणाऱ्या डब्यात, किती आवाज आहेत ते. ते ऐकावं, पण त्यावर निर्णय घेऊ नये. आवाज बाहेरून संगणक जोडूनही मिळतात, पॅड मात्र सहसा बदलला जात नाही.

पॅडच्या आतली करामत तेव्हा जी होती तीच आज आहे. एक पायझो चकती असते. तिच्यावर दाब आला की क्षणभर वीज तयार होते. हा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये स्फटिकांमध्ये दाखवून दिला होता. मॉड्यूल ती वीज मोजतं आणि त्या जोराचा आवाज काढतं. १९८३ मध्ये मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांची एकमेकांशी बोलायची सामायिक भाषा, आली आणि ठोक्याचा जोर १ ते १२७ या आकड्यांत बसला. कागदावर १२७ पायऱ्या असतात, पण स्वस्त किटवर हळू ठोके एकतर गायब होतात नाहीतर सगळे एकाच जोराने येतात. म्हणून दुकानात जोरजोरात वाजवून काही कळत नाही. स्नेअरवर, म्हणजे वादकासमोरच्या मुख्य ड्रमच्या पॅडवर, बोटभर उंचीवरून स्टिक सोडत, कुजबुजल्यासारखं वाजवून बघायचं. प्रत्येक ठोका वेगळा ऐकू आला तर पुढे बोलायचं.

आपल्याकडे हे तंत्र आलं ते ऑर्केस्ट्रावाल्यांच्या हातून. रोलंडचा ऑक्टापॅड १९८५ चा. आठ रबरी चौकोन, एका स्टँडवर. आपण त्याला ऑक्टोपॅड म्हणतो. लग्नाच्या हळदीपासून गणपतीच्या स्टेजपर्यंत तोच. कोंगो, ढोलकी, टाळ्या, सगळं एकच माणूस वाजवतो. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी खरा ड्रम हाताळण्याआधी ते रबर हाताळलं. पण त्यालाही स्टेजवर मोठ्यानेच वाजायचं होतं.

घरातल्या सरावाची खरी सोय झाली १९९७ मध्ये. रोलंडच्या टीडी-१० किटवर प्लॅस्टिकच्या कातड्याऐवजी विणलेली, ताणलेली जाळी आली, म्हणजे मेश हेड. ती रेमो या कंपनीच्या साथीने तयार झाली होती. १९५७ पासून ड्रमवर जनावराच्या कातड्याऐवजी प्लॅस्टिक रुजवलं तेही याच कंपनीने. जाळीतून हवा आरपार जाते, त्यामुळे ती फारशी वाजत नाही. आणि तणाव कमी-जास्त करता येतो, त्यामुळे स्टिक खऱ्या ड्रमवर उसळावी तशी उसळते. यामाहाने २०१० मध्ये सिलिकॉनचे पॅड आणले. जाळी जरा जास्तच उसळते असं ज्यांना वाटतं, त्यांना ते आवडतात. गेल्या दशकाच्या अखेरीस जाळी स्वस्त किटवरही आली. आता घरच्या सरावासाठी निव्वळ रबरी पॅडचं किट घेऊ नये, असं मी सरळ सांगतो. अपवाद सिंबलचा, म्हणजे झांजांच्या पॅडचा, तिथे अजूनही बहुधा रबरच असतं, आणि मेशच्या किटवर खोलीत जी टकटक ऐकू येते ती मुख्यतः सिंबलची.

उरतो पाय. अकूस्टिक, म्हणजे खऱ्या ड्रमचं, किट सहज १०० डेसिबलच्या वर जातं; आपल्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ आहे. हवेतल्या आवाजाचं हे गणित जाळीने आणि हेडफोनने बऱ्यापैकी सुटतं. किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या बास ड्रमच्या, पेडलचं सुटत नाही. पेडलचा हातोडा, म्हणजे बीटर, पॅडवर आदळतो, तो धक्का स्टँडमधून फरशीत उतरतो आणि स्लॅबमधून खालच्यांच्या छतात. इलेक्ट्रॉनिक्सचा इथे काही संबंधच नाही. मी किट घेतलं तेव्हा आठवड्याभरात खालच्या काकू वर आल्या. “रात्री कसली चटणी कुटताय हो?” त्यांनी खरंच काळजीने विचारलं. हेडफोनमध्ये मला सुरेख बास ड्रम ऐकू येत होता. त्यांना फक्त खलबत्ता.

यावर ड्रमवाल्यांमध्ये चालत आलेला उपाय म्हणजे टेनिस बॉलचा प्लॅटफॉर्म. प्लायवूडचे दोन थर, मध्ये बॉल. बॉल साधारण साडेसहा सेंटीमीटरचा असतो. फळीत त्याहून लहान भोकं पाडायची म्हणजे तो बसतो पण आरपार जात नाही. वजन जिथे जास्त, म्हणजे स्टूल आणि किकखाली, तिथे बॉल जास्त. वरची फळी भिंतीला कुठेही टेकता कामा नये, टेकली की धक्का भिंतीतून जातो.

तो तयार झाल्यावर मी काकूंच्या हॉलमध्ये जाऊन बसलो आणि वर पुतण्याला वाजवायला सांगितलं. पंखा बंद केला. किक जवळजवळ नाहीशी झाली होती. एक बारीक ठकठक मात्र येत होती. ती हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने उघड-बंद करायच्या सिंबलच्या जोडीच्या, पेडलची निघाली, ते अजून जमिनीवरच होतं. त्याच संध्याकाळी फळी एक वीतभर वाढवून तेही वर घेतलं.