भोगवटादाराचे आगंतुकांप्रती दायित्व

जागा ज्याच्या ताब्यात व नियंत्रणात आहे, त्याने तिथे येणाऱ्या माणसाला जागेच्या अवस्थेमुळे इजा होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेण्याचे कायदेशीर कर्तव्य. मालक कोण, यापेक्षा ताबा कोणाचा हे इथे आधी पाहिले जाते. त्यामुळे भाडेकरू, दुकानदार, गृहनिर्माण संस्था, रस्त्यात मंडप घालणारे मंडळ, कोणीही भोगवटादार ठरू शकतो.

इंग्लंडमध्ये यासाठी १९५७ व १९८४ चे स्वतंत्र कायदे आहेत. भारतात तसा कायदा नाही. न्यायालये निष्काळजीपणाच्या तत्त्वावरच निवाडा करतात. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळ मनोरा कोसळून माणसे दगावली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेला जबाबदार धरले. रस्त्यालगतच्या बांधकामातील दोष वरवर दिसत नव्हता, ही सबब चालली नाही. विनापरवाना शिरणाऱ्याबाबतचे कर्तव्य सौम्य असते, पण शून्य नसते. बिहारमधील एकाने परक्यांनी वापरू नये म्हणून शौचालयाभोवती विजेची उघडी तार लावली आणि शेजारीण दगावली. १९६३ मध्ये त्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ मध्ये लागलेल्या आगीत ५९ जण गेले. २०११ च्या निकालात भरपाईचा बोजा चित्रपटगृहचालक व वीज मंडळावर राहिला, महापालिका मात्र त्यातून सुटली.

ठाण्यात हा विषय चर्चेला येतो तो पावसाळ्याच्या तोंडावर, धोकादायक इमारतींच्या यादीमुळे. ‘सी-१’ म्हणजे तातडीने रिकामी करायची अतिधोकादायक इमारत, ‘सी-२ए’ रिकामी करून दुरुस्त करायची, ‘सी-२बी’ रहिवासी असतानाच दुरुस्त होणारी, ‘सी-३’ किरकोळ दुरुस्तीची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६४ आयुक्तांना अशी बांधकामे पाडण्याचा वा दुरुस्त करवून घेण्याचा अधिकार देते. कलम २६५अ नुसार ३० वर्षे उलटलेल्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाटा येथे कोसळलेल्या, ७४ बळी घेणाऱ्या इमारतीला हे ऑडिट लागू पडले नसते: ती जुनी नव्हती, बेकायदा होती, आणि काम चालू असतानाच तिच्यात माणसे राहत होती.

नवी मुंबईत गुंता वेगळा. जमीन सिडकोची (शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची), भाडेपट्ट्याने दिलेली, घरे रहिवाशांची, जिना, गच्ची, पाण्याची टाकी सोसायटीची किंवा सदनिकाधारकांच्या संघाची. वाशीतल्या जुन्या सिडको इमारतीत जिन्याच्या छताचे प्लास्टर पाहुण्याच्या डोक्यावर पडले, तर बोट सिडकोकडे दाखवण्याची सवय आहे. बांधकाम मुळातच निकृष्ट असेल तर त्यात तथ्यही असते. पण रोजच्या देखभालीचे नियंत्रण संस्थेकडे असल्याने पहिले उत्तर तिलाच द्यावे लागते. घराच्या दाराआत मात्र घरवाल्याची जबाबदारी, खिडकीच्या ग्रिलवर ठेवलेल्या कुंडीसकट.

आगीबाबत संदिग्धता नाही. २००६ च्या राज्य कायद्याने अग्निशमन यंत्रणा चालू ठेवण्याचा भार मालक वा भोगवटादारावर टाकला असून, परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत द्यावे लागते.

‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावून कर्तव्य संपत नाही. मृत्यू झाल्यास वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली दोन वर्षांत दावा लावता येतो. मॉल, हॉटेल किंवा नाट्यगृहात पैसे मोजून गेलेल्याला सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे. तिथेही मुदत दोन वर्षांचीच.