क्रमांक नव्हे, अंतर

प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणारा ॲरेपाशी, म्हणजे ओळीने मांडलेल्या घटकांच्या यादीपाशी, आला की हमखास अडखळतो, कारण सी, जावा किंवा पायथॉनमध्ये यादीतला पहिला घटक हवा असेल तर चौकटी कंसात १ नव्हे, ० लिहावे लागते. कंसातला हा आकडा, म्हणजेच इंडेक्स, हा हजेरीपटावरचा क्रमांक असे आपण धरून चालतो आणि तिथेच गफलत होते. या भाषांमध्ये इंडेक्स म्हणजे सुरुवातीपासूनचे अंतर. आपल्या इमारतींत तळमजल्यावरच्या माणसाला एकही जिना चढावा लागत नाही आणि एक जिना चढल्यावर ‘पहिला मजला’ लागतो, तसेच हे आहे.

मेमरीत ॲरेचे घटक एकमेकांना लागून बसवलेले असतात. समजा, प्रत्येकी ४ बाइटच्या पूर्णांकांचा ॲरे १००० या पत्त्यावर सुरू होतो. तर इंडेक्स ३ वरचा घटक १००० अधिक ३ गुणिले ४, म्हणजे १०१२ या पत्त्यावर सापडतो. घटक दहा असोत की दहा लाख, एक गुणाकार आणि एक बेरीज एवढ्यात काम भागते. लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे मेमरीत विखुरलेल्या घटकांच्या साखळीत, मात्र प्रत्येक घटकाला पुढच्याचा पत्ता विचारत जावे लागते.

१९५७ च्या फोरट्रान या भाषेत मोजणी १ पासून होती आणि मॅटलॅब, आर, ज्युलिया यांनी तीच रीत ठेवली. मॅट्रिक्सच्या ओळी आणि स्तंभ गणितात १ पासूनच मोजतात, तेव्हा त्यात गैर काही नाही. तरीही डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९८२ मध्ये एका छोट्या टिपणात शून्याच्या बाजूने केलेला युक्तिवाद मला पत्त्याच्या हिशेबापेक्षाही अधिक पटतो. त्यांच्या मते, पल्ला सांगताना सुरुवातीची संख्या धरावी आणि शेवटची वगळावी, म्हणजे दोहोंची वजाबाकी हीच घटकांची संख्या ठरते. पायथॉनमध्ये २ ते ५ असा तुकडा मागितला की बरोबर तीन घटक मिळतात, आणि ० ते २ चा तुकडा त्याच्याआधी जोडला की कोणताही घटक दोनदा येत नाही किंवा गळत नाही.

दहा घटकांच्या ॲरेत शेवटचा इंडेक्स ९ असतो. चुकून १० लिहिल्यास जावा आणि पायथॉन तिथेच त्रुटी दाखवून थांबतात. सी भाषा मात्र स्वतःहून मर्यादा तपासत नाही. ती बहुतेक वेळा हिशेबाने आलेल्या पत्त्यावर जे काही असेल ते मुकाट्याने उचलते, आणि लिहायचे असेल तर शेजारच्या दुसऱ्याच माहितीवर लिहून टाकते.