पान (युरोपीय भाषांतील शब्द)

पान : युरोपातील अनेक भाषांत जवळजवळ एकाच उच्चाराने, पण अगदी वेगळ्या अर्थांनी आढळणारा एकाक्षरी शब्द. स्पॅनिशमध्ये पाव, पोलिश व युक्रेनियनमध्ये साहेब किंवा धनी, ग्रीकमध्ये ‘सर्व’ तसेच एक रानदेव, डचमध्ये तवा किंवा कढई. इंग्रजीत उच्चार ‘पॅन’ होतो. हा एकच शब्द गावोगाव फिरला असे नसून निदान चार-पाच स्वतंत्र शब्द झिजत झिजत एका रूपाशी येऊन थांबले आहेत. मराठीतील पान (सं. पर्ण) आणि प्राप्तिकर खात्याचे पॅन कार्ड यांचा त्यांच्याशी संबंध नाही.

स्लाव्हिक पान : पोलिशमध्ये पान, स्त्रीलिंगी पानी, अविवाहितेसाठी पान्ना, चेकमध्ये धनी या अर्थी ‘पान’ दीर्घ, तर नावापुढे लावताना ऱ्हस्व. मुळात उमरावांपुरते असलेले हे संबोधन आज कोणालाही लागते. आदाम मित्स्क्येविच या कवीच्या ‘पान तादेऊश’ (१८३४) या महाकाव्याच्या नावातील पान हेच. पोलिशमध्ये परक्या माणसाशी बोलताना क्रियापद तृतीय पुरुषी ठेवतात. ‘चि पान विए?’ म्हणजे शब्दशः ‘साहेबांना ठाऊक आहे का?’, आणि हे त्या साहेबांनाच विचारायचे. जुन्या मराठी घरांत ‘रावसाहेब चहा घेणार का?’ असे समोरच्यालाच विचारत, त्यातला हा प्रकार. यापासूनच झालेल्या ‘पान्स्त्वो’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : पतिपत्नी किंवा जमलेली मंडळी, आणि राज्यसंस्था. रशियनमध्ये मात्र पान म्हटले की पोलिश जमीनदार डोळ्यांपुढे येतो.

या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. जुन्या चेकमध्ये ‘ह्पान’ असे रूप सापडते. चेकमधील ह हा बहुधा पूर्वीच्या ग पासून येतो, म्हणून मूळ रूप ‘गुपान’सारखे मानतात. दुसरीकडे दक्षिण व पश्चिम स्लाव्ह लोकांत जिल्ह्याच्या किंवा टोळीच्या प्रमुखाला ‘झुपान’ म्हणत. बव्हेरियाचा ड्यूक तिसरा तासिलो याने क्रेम्समुन्स्टर मठाला इ. स. ७७७ मध्ये दिलेल्या दानपत्रात फिस्सो नावाच्या एका ‘योपान’चा उल्लेख आहे, झुपानचा हा सर्वांत जुना पुरावा समजला जातो. नॉदसेन्टमिक्लोश (आजच्या रुमानियात) येथे १७९९ मध्ये सापडलेल्या सोन्याच्या २३ भांड्यांपैकी एका वाडग्यावर ग्रीक लिपीत ‘बुइला झोआपान’ अशी अक्षरे आहेत. लेखाची भाषा बहुधा तुर्की गटातली असावी, परंतु त्याचे सर्वमान्य वाचन झालेले नाही. त्यामुळे शब्द आवार किंवा बल्गार या गवताळ प्रदेशातून आलेल्या टोळ्यांच्या सत्ताधाऱ्यांकडून स्लाव्ह लोकांनी घेतला, हे मत टिकून आहे.

पोलिश पंडित आलेक्सांदेर ब्रुक्नेर यांनी पान हे झुपानचेच आखूड रूप मानले. मात्र चेकमधील आद्य ह चा उलगडा त्यातून होत नाही, कारण झ चा ह होत नाही. रशियन भाषाशास्त्रज्ञ ओलेग त्रुबाचोव यांनी इराणी ‘गु-पान’, म्हणजे गायी राखणारा, असा उगम सुचवला. संस्कृत गोप आणि गोपाल जाणणाऱ्या वाचकाला हा तर्क लगेच पटतो. फार्सीतील चोपान (मेंढपाळ) हाही त्याच घडणीचा शब्द आहे. ध्वनींच्या बाजूने ही उपपत्ती अधिक सोयीची आहे, पण खुद्द ‘गुपान’ हे इराणी रूप कल्पिलेले आहे, कोठे लिहिलेले सापडलेले नाही.

ग्रीक पान : ‘सर्व’ या अर्थाचे नपुंसकलिंगी विशेषण आणि देवाचे नाव यांत लिहिताना फरक फक्त स्वराघाताच्या चिन्हाचा. पहिल्यापासून युरोपीय भाषांना ‘पॅन-’ हा उपसर्ग मिळाला. दुसरा ग्रीसमधील आर्केडिया प्रांताच्या डोंगरातील, बकऱ्याच्या पायांचा, बासरी वाजवणारा गुराख्यांचा देव. त्याच्या नावावरून अकारण पसरणाऱ्या भीतीला पॅनिक म्हणू लागले. होमरच्या नावावर असलेल्या एका स्तोत्रात, या देवाने सर्व देवांना आनंद दिला म्हणून त्याचे नाव पान, असे म्हटले आहे. हा शब्दांचा खेळ आहे, व्युत्पत्ती नव्हे. आर्केडियातील एका कोरीव लेखात नावाचे ‘पाओन’ असे जुने रूप आढळते. त्याच्या आधारे भाषाशास्त्रज्ञ हेरमान कोलिट्स यांनी १९२४ मध्ये हा देव ऋग्वेदातील पूषन् याच्याशी जोडला. पूषन् पशूंचा राखणदार, हरवलेली गुरे शोधून देणारा. त्याच्या रथाला बोकड जुंपलेले. स्वभावाचा मेळ विलक्षण आहे. स्वरांचा तितका नाही.

दोन ग्रीक शब्दांच्या या घोळाचे मासलेवाईक उदाहरण प्लूटार्क या ग्रीक लेखकाने सांगितलेल्या कथेत आहे. रोमन बादशहा तिबेरियस याच्या काळात ग्रीसच्या पश्चिमेकडील पाक्सी बेटांजवळ वारा पडून जहाज थबकले. किनाऱ्यावरून कोणी थामूस या इजिप्शियन सुकाणूवाल्याला हाक मारली आणि ‘महान पान मेला’ असे पुढे कळवायला सांगितले. त्याने ते ओरडून सांगताच काठावरून आक्रोश ऐकू आला. फ्रेंच पंडित सालोमाँ रेनाक यांच्या मते ती तम्मूझ या पश्चिम आशियाई देवाच्या शोकविधीतील आरोळी होती : ‘थामूस पानमेगास’, म्हणजे सर्वमहान तम्मूझ, मेला. सुकाणूवाल्याने आपले नाव ऐकले आणि उपसर्गाचा देव झाला. तर्क चतुर आहे. तो सिद्ध करण्याचा मार्ग नाही.

लॅटिन पानिस : पावाला लॅटिनमध्ये पानिस. त्यापासून स्पॅनिश पान, इटालियन पाने, रुमानियन पिने, कातालान पा, फ्रेंच पँ, पोर्तुगीज पाँव. ‘चारणे, पोसणे’ या अर्थाच्या धातूकडे हा शब्द नेतात, आणि संस्कृत पा (पाति, राखतो, नृप, भूप) त्याचाच सगा मानला जातो. पूषन् आणि गु-पान यांच्याही मुळाशी हाच धातू लावण्याचा मोह होतो. लॅटिनपुरते ते मान्य करण्यास हरकत नाही. ग्रीक देवाच्या बाबतीत शक्य आहे. पोलिश साहेबांच्या बाबतीत अनुमानावर अनुमान रचावे लागते. एकत्र पाव खाणारा तो सोबती, या अर्थाने उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कोम्पानिओ’ झाला आणि त्यातून कंपनी आली. हे बहुधा जर्मानिक शब्दाचे भाषांतर असावे : गॉथिक या प्राचीन जर्मानिक भाषेत सोबत्याला ‘गा-हलाइबा’, सह-पाव्या, म्हणत.

मराठी पाव पोर्तुगीजांकडून आला. शेवटचा अनुनासिक वाटेत गळला. गोव्यात तो विकणारा पोदेर हाही पोर्तुगीज ‘पादेइरु’चा. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही लोकप्रिय कथा मागाहून जुळवलेली आहे, आणि पावशेरातला पाव वेगळा. तो संस्कृत पाद. जपानी भाषेतही पावाला पानच म्हणतात, तेही पोर्तुगीजांमुळे.

जर्मानिक पान : डच पान, इंग्रजी पॅन, जर्मन प्फाने. लॅटिन पातिना (पसरट भांडे) या शब्दापासून तो फार लवकर उचलला गेला असावा. जर्मनमध्ये प चा प्फ झाला तो ध्वनिबदल होण्यापूर्वी शब्द तेथे पोचलेला होता. डचमध्ये छपराच्या कौलालाही पान म्हणतात. स्वीडिशमध्ये ‘पान्ना’ म्हणजे कढई आणि कपाळही. संस्कृत कपाल म्हणजे खापर, वाडगा आणि कवटी, हे आठवले की यात नवल वाटत नाही.

इतर : फ्रेंचमध्ये ‘पाँ’ म्हणजे कापडाचा पदर किंवा भिंतीचा भाग, लॅटिन ‘पान्नुस’ (कापड) पासून, पॅनेल त्याच कुळातले. कॅमेरा आडवा फिरवण्याचा ‘पॅन’ हा पॅनोरामाचा तुकडा, म्हणजे अखेर ग्रीक ‘सर्व’.