टेबलावरचा डबा : त्याच्यावर काय सोपवायचं, काय नाही

हे पत्रक डबा घ्यायच्या आधी वाचा. घेतल्यावर वाचलंत, तर भांडण आमच्याशी होतं.

डबा म्हणजे डिझाइन, छपाई आणि फोटोंच्या कामातली हमाली करणारं, जेवणाच्या स्टीलच्या डब्याएवढं एक यंत्र. पुढच्या बाजूला फिरवायची एक कळ, सहा बटणं आणि दोन दिवे. मागून एक वायर तुमच्या कॉम्प्युटरला जाते. आम्ही त्याला एखादं भारदस्त नाव द्यायचा विचार केला होता, पण ज्यांच्याकडे चाचणीसाठी ठेवला ते सगळे ‘डबाच’ म्हणत राहिले. शेवटी आम्हीही म्हणू लागलो.

काम सुरू करण्याआधी आम्ही पुण्यातल्या ओळखीच्या डिझायनरांकडे, डीटीपीवाल्यांकडे (म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचं मॅटर जुळवणाऱ्यांकडे) आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे नुसते जाऊन बसलो. एका ताईंनी आमच्यासमोर व्हिजिटिंग कार्ड केलं. डिझाइन वीस मिनिटांत झालं. मग प्रेससाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून सोडलेला जादा भाग), सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग), कटिंग मार्क. गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवायला वेगळी जेपेग. तेच इन्स्टाग्रामवर टाकायचं म्हणून १०८० बाय १३५० मध्ये, स्टोरीसाठी १०८० बाय १९२० मध्ये. तेवढ्यात फोन नंबरातला एक आकडा बदलला आणि सगळं पहिल्यापासून. फोल्डरमध्ये ‘कार्ड फायनल’, ‘कार्ड फायनल २’ आणि ‘कार्ड खरंच फायनल’. घड्याळ बघितलं तर डिझाइननंतरच्या हमालीत पाऊण तास गेला होता. डबा या पाऊण तासासाठी आहे. त्या वीस मिनिटांना तो हात लावत नाही.

हिरवा दिवा, पिवळा दिवा

डब्यात एआय आहे, असं आमच्या फलकावरही लिहिलंय. पण डबा करतो त्यातल्या निम्म्याहून अधिक कामांना एआय लागतच नाही. माप बदलणं, ब्लीड देणं, फायलींना तारीख आणि गिऱ्हाइकाच्या नावाने ओळीत नावं देणं, एका पीडीएफच्या चार प्रती काढणं ही नियमाची कामं. एकदा नियम ठरला की शंभर वेळा तसंच व्हायला हवं. अशा कामात अंदाज लावणारं यंत्र घालणं म्हणजे पाढे म्हणायला ज्योतिषी बोलावणं. ही कामं साध्या प्रोग्रॅमवर चालतात आणि तेव्हा हिरवा दिवा लागतो.

पिवळा लागला की समजा, डब्याने अंदाज केलाय: फोटोत चेहरा कुठे आहे, पार्श्वभूमी कुठे संपते, बोलणारा काय म्हणाला. पिवळ्या दिव्याचं काम तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जात नाही. कळ फिरवत एकेक बघायचं आणि दाबून मंजूर करायचं. ‘सगळं मंजूर’ असं बटण द्या, हा आग्रह आम्हाला अनेकांनी केला. ते आम्ही दिलेलं नाही, देणारही नाही.

अंतरपाटाची गोष्ट

हा पिवळा दिवा आम्हाला एका लग्नाने शिकवला. पहिल्या नमुन्यात डबा फोटो निवडून नापास झालेले वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा. त्याला शिकवलेलं होतं, की डोळे मिटलेले, चेहरा झाकलेला किंवा मध्ये काही आलेला फोटो वाईट. एका फोटोग्राफरदादांनी तीनेक हजार फोटो दिले. डब्याने अंतरपाटाचे सगळे फोटो नापास केले, कारण मध्ये कापड आणि चेहरे अर्धे झाकलेले. अक्षता उडतानाचे फोटो त्याला दाणेदार, खराब वाटले. पाठवणीत मुलगी आईच्या गळ्यात पडून रडतेय, दोघींचे डोळे मिटलेले: नापास. अल्बमची जी पानं लोक पुन्हा पुन्हा उघडतात, तीच नेमकी बाहेर! दादा हसले, पण म्हणाले, ‘हे फोल्डर मी उघडलंच नसतं तर?’

त्या दिवसापासून डबा काहीही बाजूला काढत नाही. पाठोपाठ टिपलेले सारखे फोटो तो एका गठ्ठ्यात आणतो, त्यातला हललेला खाली आणि स्पष्ट वर ठेवतो, बस. कोणता ठेवायचा ते तुम्ही ठरवता. तेवढ्यानेही बराच वेळ वाचतो, कारण निवडताना माणूस थकतो तो मुख्यतः एकाच क्षणाचे आठ फोटो डोळे ताणून ताडून बघताना.

जुन्या फॉन्टचं मॅटर

डीटीपीवाल्यांसाठी सगळ्यात कामाचं बटण हेच. तुमच्याकडे वीस-पंचवीस वर्षांची मॅटरं पडून आहेत: दिवाळी अंक, स्मरणिका, पाठ्यपुस्तकं, आणि सगळी जुन्या फॉन्टमधली. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले होते. म्हणून फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तेच मॅटर नुसता इंग्रजी कचरा दिसतं.

बदलायला ते सोपं वाटतं: या खुणेच्या जागी ते अक्षर. अडचण क्रमाची आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात तशी साठवलेली असतात, म्हणजे ‘वि’ची वेलांटी आधी आणि ‘व’ नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, उच्चाराप्रमाणे आधी व, मग वेलांटी. रफाराचं उलट: तिथे तो डोक्यावर शेवटी चढतो, इथे र आणि हलंत पुढच्या अक्षराच्या आधी येतात. ‘विद्यार्थी’ हा एक शब्द युनिकोडमध्ये दहा चिन्हांचा आहे, आणि त्यात या दोन्ही अडचणी आहेत. हे सगळं नियमाने सुटतं, म्हणून दिवा हिरवा.

पिवळा लागतो तो फॉन्टची माहिती हरवलेल्या मॅटरला, म्हणजे कोणीतरी नुसता मजकूर कॉपी करून ईमेलने पाठवलेला असतो तेव्हा. त्यात मराठी कुठे संपतं आणि खरंखुरं इंग्रजी कुठे सुरू होतं, याचा डब्याला अंदाज करावा लागतो. विशेषनामांवर तो कधीच दुरुस्ती सुचवत नाही. आडनाव कसं लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि रफार व ‘दऱ्या’तला अर्धा र यांत गल्लत होण्याची शक्यता दिसली की शब्द पिवळा करून दाखवतो. निमंत्रणपत्रिकेत दक्षिणा आचार्यांना आहे की आचाऱ्यांना, हे छापण्याआधी कळलेलं बरं.

थोडक्यात इतर कामं

रील आणि मुलाखतींचे सबटायटल: बोलणं मजकुरात आणायला २०२२ साली खुलं झालेलं ‘व्हिस्पर’ हे मॉडेल (म्हणजे शिकवून तयार केलेला एआय प्रोग्रॅम) आमच्या चाचण्यांचा पाया आहे. ते मराठी ओळखतं, पण गावांची नावं आणि मराठीत मिसळलेलं इंग्रजी यांत अडखळतं. म्हणून हे काम कायम पिवळं.

रंग: पडद्यावरचा झगझगीत मोरपंखी किंवा भगवा शाईत तसा उतरत नाही. कोणतंही यंत्र त्यावर उपाय करू शकत नाही. डबा फक्त छापायला पाठवण्याआधी असे भाग खूण करून दाखवतो, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलणं आधी होतं.

फ्लेक्स: एका डिझाइनचं माप दुसऱ्यात आणेल. पण शुभेच्छुकांच्या रांगेत कोणाचा फोटो कोणापेक्षा मोठा, हे त्याला विचारू नका. ते आम्हालाही जमत नाही.

आतमध्ये काय आहे

डब्याला इंटरनेट लागत नाही. फोटो, पत्रिका, बाजारात न आलेल्या मालाची पाकिटं, काहीच तुमच्या दुकानाबाहेर जात नाही. याची किंमत म्हणजे मॉडेल लहान ठेवावं लागतं. हिशोब असा: ७ अब्ज आकड्यांचं मॉडेल प्रत्येक आकड्याला १६ बिट देऊन ठेवलं, तर नुसतं ठेवायलाच १४ जीबी मेमरी जाते. ४ बिटांवर आणलं की ३.५ जीबीत बसतं. थोडी बारकाई जाते, पण यंत्र टेबलावर मावतं आणि पंख्याचा आवाज बोलण्याच्या आड येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन सेवांइतका हुशार डबा नाही, हे कबूल.

मूळ फाइलीला डबा कधीच हात लावत नाही. तयार झालेलं सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये जातं. नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव मिळतं, म्हणजे मध्येच वीज गेली तर अर्धवट फाइल चुकून प्रेसला जायला नको. आतल्या छोट्या बॅटरीवर तो हातातली फाइल संपवतो आणि झोपतो. धूळ मात्र त्याला सोसत नाही. मागची जाळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशने साफ करा. ओल्या फडक्याने नको.

बटणं का, पडदा का नाही, हे बरेच जण विचारतात. तुमच्यासमोर पडदा आधीच आहे आणि तो भरलेला आहे. उजव्या हातात पेन किंवा माउस असतो. डावा हात मोकळा असतो आणि न बघता बटण शोधू शकतो. म्हणून प्रत्येक बटणाचा माथा वेगळ्या आकाराचा केलाय. डावखुऱ्यांनी आधी सांगावं, त्यांच्यासाठी कळ दुसऱ्या बाजूला बसवून देतो.

बघायला याल तेव्हा आमची नमुन्याची कामं बघू नका. ती आम्ही निवडलेली असतात. पेनड्राइव्हवर तुमच्या एका दिवसाच्या खऱ्या कामाची कॉपी आणा, जुन्या फॉन्टचं मॅटर असेल तर तो फॉन्टही आणा, आणि गेल्या आठवड्यात ज्या कामाने सगळ्यात जास्त वैताग दिला ते जरूर आणा. येण्याआधी फोन करा. दुपारी एक ते चार आम्ही बंद असतो.