दोऱ्याचा टेलिफोन

दोऱ्याचा टेलिफोन (काडेपेटीचा फोन, डब्याचा फोन) म्हणजे दोन कप नाहीतर डबे, तळाला भोक पाडून ओवलेला एकच दोरा आणि तो ताणून धरणारी दोन मुलं. आवाज म्हणजे कंप आणि तो घन पदार्थातूनही जातो हे वर्गात दाखवायला याच्याइतका सोपा प्रयोग क्वचितच सापडेल. बनवायचा कसा ते सगळ्यांना माहीत असतं, फक्त गाठ भोकातून निसटते म्हणून आतून एक काडी आडवी बांधायची.

शोध कोणाचा यावर मात्र भरपूर घोळ आहे. श्रेय बहुतेक वेळा इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकला देतात आणि साल १६६७ लिहितात, पण छापील पुरावा त्याच्या आधीचा आहे, १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ताणलेल्या तारेतून आपण आवाज लांबवर पोचवला असं तो स्वतःच सांगतो. तिथे कप-डबा काही नाही, नुसती तार आहे, म्हणून हूकने तत्त्व मांडलं असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं. तार बऱ्याच ठिकाणी वाकवली तरी आवाज गेला असंही तो लिहितो. वर्गात दोरा दाराच्या चौकटीला घासला की आवाज मरतो, त्यामुळे हे खोटं वाटेल, पण वळणावर तार न टेकवता दोऱ्याच्या छोट्या फासात लटकवली तर कंप बऱ्यापैकी पुढे सरकतात.

दुसरा दावा पेरूचा. तिथल्या उत्तर भागातल्या चिमू लोकांचं एक उपकरण अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे, भोपळ्याच्या दोन तुंब्या, तोंडावर ताणलेलं कातडं आणि मध्ये साधारण ७५ फूट सुती दोरी. ते १२०० वर्षांचं असल्याचं सांगतात, पण चिमूंचा काळ साधारण इ.स. ९०० ते १४७० धरला जातो, तेव्हा हा आकडा जरा ताणलेलाच दिसतो. वापर कशासाठी व्हायचा हाही अंदाजच.

पुढे १८२१ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने लंडनमध्ये ‘मंत्रमुग्ध वीणा’ दाखवली, वरच्या खोलीत वाजणाऱ्या वाद्यांचा आवाज तारेतून खाली आणून. अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या विजेच्या टेलिफोनला १८७६ मध्ये पेटंट मिळालं, त्यानंतरही कमी अंतरासाठी बिनविजेचे तारेचे फोन विकले जात होते.

आता तत्त्व. बोललं की कपाचा तळ आतबाहेर हलतो आणि दोऱ्याला ओढतो-सोडतो, ही लाट दोऱ्याच्या लांबीच्या दिशेने जाते, गिटारच्या तारेसारखी वरखाली नाही. इथेच बरेच जण चुकतात, दोरा ताणला की आवाज जोरात पळतो असं सांगून मोकळे होतात. या लाटेचा वेग मुख्यतः दोऱ्याचा कडकपणा आणि घनता यांवर ठरतो. ताण लागतो तो वेगळ्याच कारणाने, दोरा ओढू शकतो, ढकलू शकत नाही. आधीच ताणलेला असेल तर तळ दोऱ्याच्या बाजूला आला की ताण थोडा कमी होतो, उलट गेला की वाढतो, आणि हीच चढउतार पलीकडे पोचते. सैल दोऱ्यात कमी व्हायला काही नसतंच.

हवेत आवाज चहूकडे पसरतो, अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते. दोऱ्यात पसरायला जागाच नाही, म्हणून कुजबुज पोचते. लोकर कंप खाऊन टाकते, नायलॉन किंवा बारीक तार चांगली. पोलादात आवाज सेकंदाला साधारण ५००० मीटर जातो, २० अंश सेल्सिअसच्या हवेत ३४३, पण वीस मीटरला हवेतूनही ०.०६ सेकंदच लागतात, त्यामुळे ‘दोऱ्यातून आधी ऐकू आलं’ ही नुसती समजूत.

ऐकणाऱ्याकडे कपाचा तळ पुन्हा हवा हलवतो, तिथून कानाचा पडदा, तीन हाडं, आणि आतल्या कानातली शंखासारखी शंखिका. कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, कप मात्र उंच स्वर गाळतो, म्हणून ‘साल’ म्हटलं की ‘शाल’ का असं दोनदा विचारावं लागतं, स-श चा फरक त्या वरच्याच भागात असतो.

मुलं पाच मीटरवर उभी राहून ओरडतात आणि प्रयोग झाला म्हणतात, तेव्हा आवाज हवेतूनच आलेला असतो. लांब जाऊन, पाठ करून कुजबुजायला लावा आणि मध्येच दोरा चिमटीत धरा, आवाज तिथेच थांबतो. मध्यावर तिसरा कप बांधता येतो, पण मग सगळ्यांनाच थोडं कमी ऐकू येतं.